केसरबाई केरकर : मोजक्याच रेकॉर्डी दिल्या, पण त्यातली एक पिनसकट सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेली

5 सप्टेंबर 1977. अमेरिकेतल्या फ्लोरिडातून व्हॉयेजर 1 हे यान उडालं. यानाच्या बाहेरच्या बाजूला एक तबकडी बसवलेली होती. तांब्याची, वर सोन्याचा मुलामा, 12 इंची. म्हणजे घरातल्या एलपीएवढीच. परग्रहावर कुणी असेल आणि कधीकाळी त्याच्या हाती हे यान लागलं, तर पृथ्वी कशी होती ते त्याला कळावं म्हणून हा खटाटोप. तबकडीवर 55 भाषांमधल्या शुभेच्छा आहेत, त्यात मराठीही आहे. चित्रं आहेत, पावसाचे, पक्ष्यांचे आवाज आहेत आणि संगीताचे 27 तुकडे आहेत. बाख, बीथोव्हन, लुई आर्मस्ट्राँग, चक बेरी. आणि भारताचा म्हणून एकच तुकडा. साडेतीन मिनिटांची भैरवी, ‘जात कहां हो’, गायिका केसरबाई केरकर.

यान उडालं आणि अकराव्या दिवशी, 16 सप्टेंबरला, केसरबाई मुंबईत वारल्या. वय 85.

एवढी गोष्ट तुम्ही ऐकली असेल, व्हॉट्सॲपवर ती अधूनमधून फिरत असते. पण त्यात दोन गोष्टी सांगायच्या राहून जातात. एक म्हणजे, ज्या बाईंचा आवाज तबकडीवर घालून इतक्या लांब पाठवला, त्यांना तबकडी या प्रकाराचं फारसं कौतुक नव्हतं. आणि दुसरं म्हणजे, यानात नुसती तबकडी पाठवलेली नाही. ती वाजवायला कार्ट्रिज आणि पिनसुद्धा दिली आहे.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध ते बघू. त्यासाठी आधी गोव्यातल्या केरीला जावं लागेल.

फोंडा तालुक्यातल्या या गावात 13 जुलै 1892 रोजी केसरबाईंचा जन्म झाला. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता. घर कलावंत समाजातलं. देवळात, उत्सवात, यजमानांच्या घरी गाणं-नाचणं ही त्या समाजातल्या बायकांची पिढीजात सेवा होती. गाण्याला दाद मिळायची, पण गाणारीला समाजात मान मिळेलच याची खात्री नव्हती. पुढे केसरबाई बिदागीच्या, बैठकीच्या, श्रोत्यांच्या बाबतीत किती कडक वागायच्या याच्या गोष्टी लोक चवीने सांगतात, तेव्हा ही सुरुवात विसरतात असं मला वाटतं. ज्या बाईला दुसरं काहीच वारशाने मिळालेलं नाही, ती गळा सांभाळूनच वापरणार.

आठव्या वर्षी त्या कोल्हापूरला आल्या आणि अब्दुल करीम खाँ यांच्याकडे शिकल्या. ती तालीम वर्षभरही चालली नाही. गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे शिक्षण. सोळाव्या वर्षी आईबरोबर मुंबई. इथे सतारिये बरकतुल्ला खाँ, मग भास्करबुवा बखले, पुन्हा वझेबुवा. म्हणजे वयाच्या पंचविशीपर्यंत गुरू बरेच झाले होते, पण कुणाकडे सलग, पोटभर शिकायला मिळालं नव्हतं. एक गुरू गाव सोडून जायचे, दुसऱ्यांना वेळ नसायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर सगळे क्रॅश कोर्स झाले होते, डिग्री एकही नव्हती.

ती मिळाली अल्लादिया खाँ यांच्याकडे. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक, कोल्हापूर दरबारचे गायक. ते सहजी शिकवायला तयार नव्हते. शेवटी 1921 मध्ये केसरबाईंनी त्यांचा गंडा बांधला. तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. या वयात बाकीचे गायक मैफिली गाजवत असतात आणि या बाई पुन्हा पहिल्यापासून आकार लावायला बसल्या. दहा-अकरा वर्षं कसून तालीम चालली. रोज तासन् तास रियाज. 1946 मध्ये खाँसाहेब गेले, तोपर्यंत हे नातं टिकलं.

या घराण्याचं गाणं ऐकायला सोपं नाही. जोडराग, अनवट राग, लयीत गुंफलेल्या वळणदार ताना, एका श्वासात लांबच लांब जाणारा आकार. केसरबाईंचा आवाज त्यासाठीच घडवल्यासारखा होता. खुला, भरदार, वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचा. 1930 च्या दशकात त्या देशातल्या पहिल्या फळीत होत्या. 1938 मध्ये रवींद्रनाथ टागोरांनी त्यांचं गाणं ऐकून लेखी दाद दिली. ‘सुरश्री’ ही पदवी त्यांना कोलकात्याच्या रसिकांकडून मिळाली. 1953 मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार, 1969 मध्ये पद्मभूषण, त्याच वर्षी महाराष्ट्राची राज्यगायिका. पुरस्कारांची यादी एवढ्यावर थांबवू, कारण आपला विषय वेगळा आहे.

रेकॉर्डी इतक्या कमी का?

भारतातली पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणं 1902 मध्ये कोलकात्यात झाली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग लंडनहून आला होता आणि गौहर जान गायल्या होत्या. केसरबाई तेव्हा दहा वर्षांच्या. म्हणजे रेकॉर्ड आणि केसरबाई एकाच काळात मोठ्या झाल्या. तरीही एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट या दोन कंपन्यांसाठी मिळून त्यांनी मोजक्याच 78 च्या तबकड्या दिल्या. नट कामोद, ललत, कुकुभ बिलावल, मालकंस अशा काही रागांच्या. रेडिओपासून त्या लांबच राहिल्या.

याचं एक कारण उघड आहे. 78 फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची, बारा इंचीची चार-साडेचार. जो राग मैफिलीत तासभर उलगडायचा, तो तीन मिनिटांत कसा बसवणार? आलाप सुरू होतो न होतो तोच तबकडी संपायची. काही गायकांनी हे गणित जमवलं. अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या घराघरात गेल्या आणि त्यांनी त्यांचं नाव कुठल्याकुठे पोचवलं. केसरबाई आपलं गाणं कुठे, कसं आणि कुणापुढे जातं याबद्दल फार काटेकोर होत्या. तबकडी एकदा बाजारात गेली की ती कोण ऐकतो, कशावर ऐकतो, त्यातली चीज कोण उचलतो, यावर गायिकेचा ताबा राहत नाही. आज आपण यूट्यूबवर कुणाच्याही चिजा ऐकून गुणगुणतो, त्यामुळे हे जरा अतिच वाटेल. पण ज्या काळात चीज हीच इस्टेट होती, त्या काळातला हा हिशेब आहे.

आता याची दुसरी बाजू. केसरबाईंच्या गुरूंपैकी भास्करबुवा बखले 1922 मध्ये गेले, त्यांच्या आवाजाची एकही तबकडी नाही. अल्लादिया खाँ 1946 पर्यंत होते, ग्रामोफोनची भरभराट त्यांनी पाहिली, पण त्यांचंही ध्वनिमुद्रण नाही. ज्या माणसाने एक अख्खं घराणं उभं केलं, त्याचा आवाज कसा होता ते आज कुणालाच ऐकता येत नाही. ऐकायचाच असेल तर तो शिष्यांच्या गळ्यातून. मोगूबाई कुर्डीकर, मल्लिकार्जुन मन्सूर (ते खाँसाहेबांच्या मुलांकडे शिकले) आणि केसरबाई. म्हणून या मोजक्या रेकॉर्डींना इतकी किंमत आहे. तीन-तीन मिनिटांचे ते तुकडे हे नुसतं एका गायिकेचं गाणं नाही. एका गुरूपर्यंत जायच्या ज्या थोड्या वाटा शिल्लक आहेत, त्यातली ती एक आहे.

आणि ही वाट लाखेतून जाते. 78 च्या तबकड्या लाखेच्या असत आणि त्यावर फिरते पोलादी पिन. जुन्या चावीच्या फोनोला प्रत्येक बाजूला नवी पिन लावायची शिस्त होती, कारण बोथट झालेली पिन खाचा खरवडते. बहुतेक घरांत ही शिस्त पाळली जात नसे. त्यामुळे आज चोर बाजारात जी तबकडी मिळते, ती आधीच शेकडो वेळा खरवडलेली असते. उरलेल्या खाचांतून जे काही मिळेल, ते नीट उचललं जाणं म्हणूनच महत्त्वाचं.

खाचेतून आवाज निघतो कसा?

केसरबाईंच्या काळात मायक्रोफोन आले होते. 1925 पासून मुद्रण विजेवर होऊ लागलं, त्याआधी गायकाला कर्ण्यात तोंड घालून गावं लागे. गायिकेच्या आवाजाने हवा थरथरते, त्या थरथरीची वळणं खाचेत कोरली जातात. वाजवताना हाच प्रवास उलटा. पिन खाचेतून जाते, वळणांप्रमाणे डावी-उजवीकडे हलते आणि ती हालचाल कार्ट्रिजमध्ये विजेत बदलते.

कार्ट्रिज म्हणजे टर्नटेबलच्या दांडीच्या टोकाला असलेली ती छोटी डबी. आत एक चुंबक आणि तारेचं वेटोळं. चुंबक आणि वेटोळं एकमेकांजवळ हलले की तारेत वीज निर्माण होते. मायकल फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेलं हेच तत्त्व कोयनेच्या जनित्रातही आहे. फरक फक्त मापाचा.

इथून दोन रस्ते फुटतात. पहिल्या प्रकारात पिनेला चुंबक जोडलेलं असतं आणि वेटोळं स्थिर. याला मूव्हिंग मॅग्नेट म्हणतात. वेटोळं हलायचं नाही, त्यामुळे त्यात तारेचे भरपूर फेरे घालता येतात आणि साधारण 3 ते 5 मिलिव्होल्ट दाब मिळतो. दुसऱ्या प्रकारात उलटं. चुंबक स्थिर आणि वेटोळं पिनेबरोबर हलतं. हा मूव्हिंग कॉइल. हलणारी वस्तू हलकी हवी, म्हणून तारेचे फेरे अगदी थोडे. पिन खाचेतली बारीकसारीक वळणं चपळाईने पकडते, म्हणून शौकिनांना हा प्रकार आवडतो. पण फेरे कमी, म्हणून वीजही कमी. डेनॉनचं डीएल-103 हे जपानच्या एनएचके या नभोवाणीसाठी 1960 च्या दशकात घडवलेलं कार्ट्रिज आजही विकलं जातं. ते देतं 0.3 मिलिव्होल्ट. टॉर्चच्या एका सेलच्या पाच हजाराव्या भागाइतका दाब!

आता हा आवाज स्पीकरपर्यंत न्यायचा. मधे लागते फोनो स्टेज. तिची दोन कामं. एक, दाब वाढवणं. साधी फोनो स्टेज तो शंभरेक पट वाढवते, म्हणजे 3 मिलिव्होल्टचे 0.3 व्होल्ट होतात आणि ॲम्प्लिफायरचं भागतं. दुसरं काम कमी लोकांना माहीत असतं. एलपी कापताना खर्जाचे सूर मुद्दाम बारीक आणि तार सूर मुद्दाम मोठे करून कोरतात. नाहीतर खर्जाची वळणं इतकी रुंद होतील की शेजारच्या खाचेत घुसतील, आणि तार सूर पृष्ठभागाच्या खरखरीत बुडतील. वाजवताना फोनो स्टेज हे सगळं परत सरळ करते. 1954 पासून यासाठी आरआयएए नावाचं एकच प्रमाण ठरलं.

आणि इथेच केसरबाईंच्या जुन्या तबकड्यांची पंचाईत होते. त्या 1954 च्या आधीच्या. त्या काळात प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी, आणि तार सुरांची वाढ बहुधा कमीच. अशी तबकडी आजच्या फोनो स्टेजवर लावली, की जे वाढवलंच नव्हतं तेही ती कमी करते. आवाज कांबळं पांघरल्यासारखा येतो. ऐकणारा म्हणतो, बाईंचा आवाज असाच असेल. तर तसं नाही. 78 ची खाचही रुंद असते. एलपीची पिन त्यात तळाशी लोळते, म्हणून तिच्यासाठी सुमारे तिप्पट जाड टोकाची पिन वेगळी लावावी लागते. ज्यांना हा खटाटोप नको, त्यांच्यासाठी एचएमव्हीने याच मुद्रणांच्या नंतर काढलेल्या एलपी आहेत. तिथे ही दुरुस्ती कंपनीनेच केलेली असते.

मग स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर कशाला?

0.3 मिलिव्होल्टवर शंभर पटीने भागत नाही, हजार पट लागते. एक उपाय म्हणजे आणखी इलेक्ट्रॉनिक्स घालणं. दुसरा उपाय जुना आणि साधा. रस्त्याच्या कोपऱ्यावर महावितरणचा किंवा बेस्टचा ट्रान्सफॉर्मर असतो ना, तो 11,000 व्होल्टचे घरगुती व्होल्ट करतो. त्याचाच एक काडेपेटीएवढा भाऊ उलट्या दिशेने लावायचा. आत एकाच लोखंडी गाभ्यावर दोन वेटोळी, एकीत समजा शंभर फेरे, दुसरीत हजार. पहिल्या वेटोळ्यात 0.3 मिलिव्होल्ट घातले की दुसऱ्यातून 3 निघतात. त्याला ना प्लग, ना बॅटरी. पुढे साधी मूव्हिंग मॅग्नेटची फोनो स्टेज चालते.

फुकट काही नाही, हे मात्र इथेही खरं. दाब दहापट वाढला की प्रवाह दहापट घटतो. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, फोनो स्टेजचा जो 47,000 ओहमचा भार असतो, तो ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे उभ्या असलेल्या कार्ट्रिजला फेऱ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने भागून दिसतो. गुणोत्तर 10 असेल तर 47,000 भागिले 100, म्हणजे 470 ओहम. डीएल-103 चा स्वतःचा अवरोध 40 ओहम आहे. भार त्याच्या दहापटीच्या आसपास असावा हा ढोबळ नियम, तेव्हा 470 बरोबर बसतो. मग कुणीतरी म्हणतं, दहापट चांगलं तर वीसपट आणखी चांगलं. वीसचा वर्ग 400. भार उरतो साधारण 117 ओहम. कार्ट्रिज त्या ओझ्याखाली दबतं आणि प्रत्यक्षात आवाज दुप्पट न होता 1.6 पटीच्या आसपासच वाढतो. वर आवाजाचा पोतही बदलतो. तेव्हा ट्रान्सफॉर्मर घेताना ‘किती पट वाढवतो’ हे विचारण्याआधी ‘माझं कार्ट्रिज किती ओहमचं’ हे विचारायचं.

दिंडोशीत आमच्या ओळखीच्या एका काकांकडे हा सगळा संसार आहे. खिडकीतून हायवे आणि मेट्रो, मागे फिल्मसिटीचा डोंगर. ट्रक गेला की फरशी हलते, म्हणून त्यांनी टर्नटेबल टेबलावर न ठेवता भिंतीत ठोकलेल्या फळीवर ठेवलंय. पण त्यांची खरी लढाई होती घरघरीशी. भिंतीतल्या वायरीत 230 व्होल्ट आहेत, कार्ट्रिजच्या 0.3 मिलिव्होल्टच्या साडेसात लाख पटीहून जास्त. त्यातला एखादा शिंतोडा जरी ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यात उडाला, तरी स्पीकरमधून 50 हर्ट्झची गुणगुण सुरू. विजेचा स्वतःचा षड्ज म्हणा ना, आणि तो तानपुऱ्याशी कधीच जुळत नाही. काकांनी ट्रान्सफॉर्मर ॲम्प्लिफायरपासून हातभर लांब सरकवला, डबी थोडी फिरवली, टर्नटेबलची अर्थची वायर नीट आवळली. गुणगुण गेली. चांगल्या ट्रान्सफॉर्मरला म्यू-मेटल नावाच्या मिश्रधातूचं कवच असतं ते यासाठीच. कवच असलं तरी जागा चुकली तर गुणगुण येते.

मग त्यांनी केसरबाईंची एलपी लावली आणि ॲम्प्लिफायरचं मोनोचं बटण दाबलं. याचं कारण सोपं आहे. जुनं मुद्रण एकाच वाहिनीचं, पिनेने डावी-उजवीकडे हलावं एवढंच त्यात आहे. स्टिरिओ कार्ट्रिज मात्र वर-खाली हालचालही टिपतं, आणि जुन्या तबकडीत वर-खाली म्हणजे फक्त धूळ आणि ओरखडे. दोन वाहिन्या एकत्र केल्या की ती खरखर एकमेकींत विरते. मागे उरला आकार. मोबाईलवर मी तोच नट कामोद ऐकला होता आणि मला तो आवाज जरा पातळ, कर्कश वाटला होता. इथे त्या आवाजाला छाती होती. तान खाली उतरताना स्वर निसटत नव्हता, प्रत्येक पायरीवर पाऊल पूर्ण टेकत होतं. मला राग कळत नाही, हे सांगून टाकते. तरी बाई मैफिलीत शेवटच्या रांगेपर्यंत कशा पोचत असतील, याचा अंदाज आला.

शेवटची वर्षं आणि ती तबकडी

1963-64 च्या सुमारास केसरबाईंनी जाहीर मैफिली थांबवल्या. आवाज उतरणीला लागायच्या आत उठायचं, हा निर्णयही त्यांनी स्वतःच घेतला. शिष्य करण्यातही हात आखडताच. धोंडूताई कुलकर्णी या त्यांच्या एकमेव ठळक शिष्या. कोल्हापूरच्या, आधी अल्लादिया खाँ यांचे पुत्र भुर्जी खाँ यांच्याकडे शिकलेल्या. धोंडूताई 2014 पर्यंत होत्या. त्यांच्याकडे शिकलेल्या नमिता देवीदयाल यांनी 2007 मध्ये या गुरुशिष्यांवर ‘द म्युझिक रूम’ हे इंग्रजी पुस्तक लिहिलं आणि केसरबाई पुन्हा नव्या वाचकांसमोर आल्या. केसरबाईंनी आपल्या मुलीला मात्र गाण्याच्या धंद्यात आणलं नाही. ती डॉक्टर झाली.

इकडे हे सगळं निवांत चाललेलं असताना 1977 मध्ये अमेरिकेत खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांची समिती तबकडीसाठी गाणी शोधत होती. भारतीय संगीतातून काय घ्यावं? रॉबर्ट ब्राऊन या संगीतअभ्यासकाने केसरबाईंच्या भैरवीचं नाव सुचवलं. रेकॉर्ड मात्र कुठे मिळेना. समितीतल्या ॲन ड्रुयन यांनी न्यूयॉर्कमधली दुकानं पालथी घातली, आणि शेवटी तिच्या प्रती सापडल्या लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवरच्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात. विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखाली, धुळकट खोक्यात, न उघडलेल्या. तिथे कुणी शोधत गेलं नसतं, तर आज यानात दुसरंच काहीतरी असतं. केसरबाईंनी आयुष्यभर रेकॉर्डी हात राखून दिल्या, आणि दिलेल्यांपैकी एक अशी मिक्सर-इस्त्रीच्या शेजारी पडून होती.

आता यानातल्या कार्ट्रिजकडे येऊ. तबकडी बनवणाऱ्यांनी विचार केला, परग्रहावर टर्नटेबलचं दुकान नसणार. म्हणून सोबत कार्ट्रिज आणि पिन दिली. ॲल्युमिनियमच्या वेष्टनावर चित्रं कोरली. पिन कुठे टेकवायची, तबकडी किती वेगाने फिरवायची. वेग मिनिटाला 16⅔ फेरे, एलपीच्या निम्मा, म्हणजे जागेत दुप्पट मजकूर बसतो. पण मिनिट ही आपली गोष्ट, त्यांना ती कशी कळणार? म्हणून हायड्रोजनच्या अणूत होणाऱ्या एका बदलाला लागणारा वेळ, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाच्याही सत्तर टक्के, हे एकक धरलं आणि एका फेरीचे 3.6 सेकंद त्या एककात लिहिले. हायड्रोजन विश्वात सगळीकडे सारखाच.

व्हॉयेजर 1 ऑगस्ट 2012 मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेलं, दुसरं यान नोव्हेंबर 2018 मध्ये. दोन्हींवर तीच तबकडी आहे. पहिलं यान आता आपल्यापासून 2,400 कोटी किलोमीटरपेक्षा लांब आहे. दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या जवळपास पोचायला त्यांना 40,000 वर्षांच्या आसपास लागतील.

केरीमध्ये आज केसरबाईंच्या नावाने शाळा आहे. गोव्याची कला अकादमी त्यांच्या नावाने संगीत समारोह भरवते. मुंबई विद्यापीठात संगीताच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. आणि यानाच्या वेष्टनावर पिन टेकवण्यापर्यंतच्या सगळ्या सूचना आहेत. पिनेतून येणारी ती इवलीशी वीज पुढे वाढवायची कशी, याचं चित्र तिथे नाही. कार्ट्रिज मिळालं तरी फोनो स्टेज ज्याची त्याने बनवायची आहे.